एफटीसी संघाचा रोबो कंट्रोल हबवर नेताना: पात्रता, कागदपत्रं आणि अडकण्याच्या जागा

एफटीसी म्हणजे फर्स्ट या संस्थेची शालेय मुलांची रोबो स्पर्धा. जुन्या रोबोंचा मेंदू म्हणजे अँड्रॉइड फोन; त्याच्या जागी कंट्रोल हब हा छोटा संगणक बसवायचा, त्याबद्दल हे. आधी तारखेचा घोळ. 'सिस्टमकोर २०२७ पासून' (सिस्टमकोर म्हणजे कंट्रोल हबनंतरचा नवा नियंत्रक) एवढंच वाचून काही कोच कंट्रोल हबची खरेदी थांबवतात. फर्स्टच्या जाहीर वेळापत्रकात दोन वेगळे हंगाम आहेत. एफआरसीचा (फर्स्टच्या मोठ्या रोबोंच्या स्पर्धेचा) हंगाम जानेवारीत उघडतो, तिथे सिस्टमकोर २०२७ च्या हंगामात येणार. एफटीसीचा हंगाम सप्टेंबरात उघडतो, तिथे तो २०२७-२८ ला. एकच आकडा दोन स्पर्धांसाठी वापरायचा आणि गोंधळ कोचने निस्तरायचा! एफटीसीच्या २०२६-२७ च्या हंगामात सिस्टमकोर नाही, तेव्हा फोन सोडायचा असेल तर कंट्रोल हब घ्या.

पात्रता सोपी आहे. रोबोवर रेव्ह कंपनीचा एक कंट्रोल हब, पोर्ट कमी पडले तर जोडीला जास्तीत जास्त एक एक्सपान्शन हब. त्याऐवजी रास्पबेरी पाय किंवा आर्डुइनो चालत नाही.

कागदपत्रांत अडतं ते पालकांच्या संमतीपाशी. रोस्टरवरच्या (संघाच्या नोंदणी यादीतल्या) प्रत्येक मुलाची फर्स्टची संमती पालकांनी स्वतः द्यायची असते. शाळेने सहलीसाठी घेतलेलं पत्र इथे उपयोगाचं नाही, आणि स्पर्धेच्या सकाळी पालक फोन उचलतीलच असं नाही. रोस्टर आठवडाभर आधी उघडून कोणाची संमती बाकी आहे ते बघा. इन्स्पेक्शनची (स्पर्धेतल्या रोबो तपासणीची) चेकलिस्टही घरीच भरून आणा.

आता हब. अपडेट रेव्ह हार्डवेअर क्लायंट या संगणकावरच्या प्रोग्राममधून होतं. रोबो कंट्रोलर (रोबोवरचं) आणि ड्रायव्हर स्टेशन (चालकाच्या हातातलं) या दोन्ही अॅपची आवृत्ती एकच ठेवा. हे घरच्या इंटरनेटवर उरका, स्पर्धेच्या हॉलवर विसंबू नका.

नवीन हब खोक्यातून काढून तसाच रोबोवर बसवलेले संघ इन्स्पेक्शनमध्ये दोन गोष्टींवर परत पाठवले जातात. वायफायचं नाव संघ क्रमांक आणि पुढे '-RC' असं हवं (चालकाच्या हातातल्या ड्रायव्हर हबला '-DS'), आणि कंपनीने दिलेला पासवर्ड बदललेला हवा. खोक्यावर यातलं काही छापलेलं नसतं. स्पर्धेच्या मॅन्युअलमध्ये आहे, पण हंगामात टीम अपडेट (नियमांतले बदल) येत राहतात आणि सप्टेंबरात छापून ठेवलेली प्रत जुनी होते.

चेकलिस्टवर नसलेला त्रास सरावात समोर येतो. जुन्या फोनवरची कॉन्फिगरेशन फाइल (कुठल्या पोर्टला काय जोडलंय ती यादी) हबवर आपोआप येत नाही. ती नव्याने बनवा आणि प्रत्येक मोटरचं नाव कोडमधल्या नावाशी अक्षरन् अक्षर जुळवा. २०२२ च्या अखेरीपासूनच्या कंट्रोल हबमध्ये आयएमयूची (रोबोची दिशा मोजणाऱ्या सेन्सरची) चिप बदलली आहे. त्यामुळे बीएनओ०५५ या जुन्या चिपसाठी लिहिलेला कोड चालणार नाही, एसडीके (एफटीसीचं प्रोग्रामिंग सॉफ्टवेअर) ८.१ पासून आलेला सामायिक आयएमयू इंटरफेस वापरा. आणि फोनच्या कॅमेऱ्यावर बेतलेला ऑटोनॉमस (चालकाविना चालणारा) प्रोग्राम असेल तर वेबकॅम आत्ताच मागवा, कारण हबला कॅमेरा नाही.