संगीत स्पर्धा, आंतरराष्ट्रीय (युवा कलावंतांच्या)

पाश्चात्त्य अभिजात संगीतातील तरुण वादक, गायक व रचनाकारांसाठी देशाचे बंधन न ठेवता ठरावीक वर्षांनी भरणाऱ्या स्पर्धा. वयाची अट बहुधा तिशीच्या आसपास असते. फेऱ्यांमागून फेऱ्या आणि शेवटी वाद्यवृंदाच्या साथीने कन्चेर्टो (एकल वादक व वाद्यवृंद यांसाठीची रचना), हा क्रम सर्वपरिचित आहे.

उगम : पहिली स्पर्धा कोणती, याबद्दल एकवाक्यता नाही. काही जण हा वंश फ्रान्समधील रोम पारितोषिकापर्यंत (संगीतासाठी १८०३ पासून) मागे नेतात. परंतु ते फ्रेंच रचनाकारांपुरते असल्याने हा दुवा कच्चा वाटतो. अधिक ग्राह्य दावा आंतॉन रुबिनस्टाइन या रशियन पियानोवादकाच्या स्पर्धेचा. ती १८९० मध्ये सेंट पीटर्सबर्ग येथे सुरू झाली व पुढे दर पाच वर्षांनी बर्लिन, व्हिएन्ना, पॅरिस अशी फिरत १९१० पर्यंत पाच वेळा भरली. पियानो व रचना हे तिचे दोन विभाग. २० ते २६ वर्षांच्या पुरुषांनाच प्रवेश असे. स्त्रियांना दार बंदच होते. रचनेचे पहिले पारितोषिक फेरूच्चो बुसोनीला मिळाले. १९०५ मध्ये पॅरिसला पियानोत विल्हेल्म बाकहाउस पहिला आला आणि बेला बार्तोकला त्याच्यामागे राहावे लागले.

तरीही आजच्या स्पर्धेचा साचा पोलिश रचनाकार शोपँ याच्या नावाने १९२७ मध्ये वॉर्सात भरलेल्या स्पर्धेत घडला, असे मानणारा पक्ष प्रबळ आहे आणि तो निराधार नाही. रुबिनस्टाइन स्पर्धा गावोगाव फिरल्याने कोणत्याच शहराची झाली नाही. वॉर्साची स्पर्धा मात्र त्या शहराची ओळख बनली. तिथे आजही केवळ शोपँच्याच रचना वाजवायच्या असतात. पहिल्या वर्षी सोव्हिएट वादक लेव्ह ओबोरिन विजयी झाला. पुढे रचनाकार म्हणून गाजलेल्या दमित्री शोस्ताकोविचच्या वाट्याला मानपत्र आले.

प्रसार : झुराव्लेव्ह या पोलिश पियानोवादकाने ही वॉर्साची शोपँ स्पर्धा काढली ती मुळात प्रचाराची युक्ती म्हणूनच. पहिल्या महायुद्धानंतरची तरुण पिढी खेळांच्या मागे लागली आहे, तिला शोपँ हळवा वाटतो, हे त्याला खटकत होते. खेळाची ईर्षाच संगीतात आणावी, असा विचार त्याने केला. ही ईर्षा लवकरच राष्ट्रांमध्येही उतरली. १९३५ मध्ये वॉर्सातच भरलेल्या व्हिएन्याव्हस्की व्हायोलिन स्पर्धेत १५ वर्षांच्या फ्रेंच जिनेट नेव्हूने सोव्हिएट डेव्हिड ऑइस्त्राखला मागे टाकले. दोनच वर्षांनी ब्रसेल्सला ऑइस्त्राख पहिला आला. ती स्पर्धा १९५१ पासून बेल्जियमच्या राणी एलिझाबेथच्या नावाने ओळखली जाते.

जाहिरातीचा कळस म्हणजे १९५८ ची पहिली चायकॉव्हस्की स्पर्धा. सोव्हिएट वर्चस्व दाखवण्यासाठी मॉस्कोत भरलेली ही स्पर्धा जिंकली २३ वर्षांच्या व्हॅन क्लायबर्न या अमेरिकनाने. पारितोषिक देण्यापूर्वी परीक्षकांनी सोव्हिएट नेता ख्रुश्चॉव्हची परवानगी घेतली, असे सांगितले जाते. न्यूयॉर्कच्या रस्त्यांतून, वरून पडणाऱ्या कागदी पट्ट्यांच्या पावसात, त्याची मिरवणूक निघाली.

वादही प्रसिद्धीला हातभार लावतात. १९८० मध्ये वॉर्साला इव्हो पोगोरेलिच या पियानोवादकाला अंतिम फेरीत घेतले नाही, म्हणून पियानोवादक मार्ता आर्गेरिच परीक्षक मंडळातून बाहेर पडली. ती स्वतः १९६५ ची विजेती होती. १९८० च्या त्या स्पर्धेत डांग थाय सोन हा व्हिएतनामी वादक पहिला आला. आशियाई वादकाने वॉर्सात मिळवलेला तो पहिलाच विजय. वृत्तपत्रांना मात्र पोगोरेलिच पुरला. पक्षपाताच्या आरोपांमुळे, स्पर्धक परीक्षकाचा शिष्य असेल तर त्या परीक्षकाचे गुण धरायचे नाहीत, असा नियम अनेक ठिकाणी आला. १९५७ मध्ये जिनिव्हात स्थापन झालेल्या संगीत स्पर्धांच्या जागतिक संघाने २०२२ मध्ये, युक्रेनवरील आक्रमणानंतर, चायकॉव्हस्की स्पर्धेचे सदस्यत्व काढून घेतले.

कुमार गट : प्राग नभोवाणीची ‘कॉन्चेर्तिनो प्रागा’ (१९६६) कुमारवयीन वादकांसाठी होती आणि तिचे परीक्षण ध्वनिमुद्रणांवरून होई; मंचावरचा रुबाब तिथे कामाला येत नसे. १९८२ मध्ये मँचेस्टरला युरोपीय नभोवाणी संघाची दूरचित्रवाणीवरील स्पर्धा सुरू झाली. व्हायोलिनवादक येहूदी मेन्यूइनने १९८३ मध्ये इंग्लंडमधील फोकस्टनला व्हायोलिन स्पर्धा काढली. तिचे वयानुसार दोन गट आहेत. चायकॉव्हस्की स्पर्धेची कुमार आवृत्ती १९९२ मधली. १९९५ मध्ये जपानमधील सेंदाई येथे तीत चिनी पियानोवादक लांग लांग विजयी झाला.