सितांगचा रेल्वे पूल आणि नगरची डिव्हिजन

क्वाय नदीवरचा पूल सगळ्यांना माहीत असतो, पण आपल्या भागाशी ज्याचं नातं आहे तो बर्मातला सितांग नदीवरचा रेल्वे पूल, आणि त्याच्याबद्दल पुण्यातसुद्धा फार कुणी बोलत नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं.

१९४१ मध्ये इथून जेमतेम १२० किलोमीटरवर, नगरला, ब्रिटिशांच्या भारतीय सैन्याची १७वी इंडियन डिव्हिजन, म्हणजे काही ब्रिगेड मिळून होणारी मोठी फौज, उभी राहिली. ट्रेनिंग वाळवंटातल्या लढाईचं, कारण जायचं होतं मिडल ईस्टला. जपान युद्धात उतरला आणि सगळंच फिरलं, दोन ब्रिगेड मलायाकडे गेल्या, उरलेली बर्माच्या जंगलात. तिथे डिव्हिजनचे कमांडर स्मिथ सांगत होते की आत्ताच सितांगच्या मागे येऊया, पण वरून जनरल हटन यांचा हुकूम की पुढे बिलिन नदीवरच लढा. माझ्या मते खरी चूक तिथेच झाली.

माघार सुरू झाली तोवर उशीर झाला होता. पूल रेल्वेचा, त्यावर फळ्या टाकून गाड्या न्यायच्या, आणि २२ फेब्रुवारी १९४२ च्या पहाटे एक ट्रक फळ्यांवरून घसरून अडकला, मागे गाड्यांची रांग तशीच तुंबली, दोनेक तास वाया गेले. जपानी पुलाच्या तोंडाशी येऊन भिडले होते. पूल जसाच्या तसा त्यांच्या हाती लागला तर रंगूनचा रस्ता मोकळा, म्हणून २३ तारखेच्या पहाटे साडेपाचला तो उडवला. पलीकडे, जपान्यांच्या बाजूला, आपल्या दोन ब्रिगेडचा मोठा भाग अजून होता, त्यात गुरखे होते, डोगरा, बलुच होते!

नदीवरच्या होड्या शत्रूला मिळू नयेत म्हणून आधीच नष्ट केलेल्या. मग बांबू, पेट्रोलचे डबे, जे हाताला लागेल ते बांधून तराफे केले, अंगावरचे कपडे, बूट, रायफली काठावर टाकून पोरं पाण्यात उतरली, कितीतरी बुडाली. नंतर मोजणी झाली तेव्हा पायदळाचे साधारण साडेतीन हजार जवान उरले होते आणि रायफली फक्त १,४२०.

८ मार्चला रंगून पडलं. स्मिथना परत कधीच कमांड मिळाली नाही. डिव्हिजन मात्र पुन्हा उभी राहिली, खांद्यावर काळ्या मांजराची खूण घेऊन १९४५ मध्ये मैकटिला शहर जिंकत त्याच बर्मात परतली. ती खूण आपल्या सैन्याच्या १७व्या माउंटन डिव्हिजनकडे आजही आहे.