छावणीतली शाळा: युद्धाने विस्थापित झालेल्या मुलांच्या मदतीची पार्श्वभूमी

नाशिकजवळच्या देवळाली कॅम्पात सिंधी कुटुंबं मोठ्या संख्येने राहतात, ती फाळणीमुळे. जानेवारी १९४८ मध्ये कराचीत दंगल झाली आणि सिंध सोडणाऱ्यांचा लोंढा वाढला. बोटीने मुंबईला उतरलेल्या या कुटुंबांची सोय कल्याण, पिंपरी, देवळाली इथल्या छावण्यांत झाली. कोल्हापूरजवळच्या वळिवड्यातही झाली. आजचं गांधीनगर ते हेच. पण वळिवड्याच्या छावणीत सिंधी मुलांच्या आधी पोलंडची मुलं राहून गेली होती. युद्धाने घर हिरावलेल्या मुलाला नेमकं काय लागतं, हे मला त्या छावणीच्या इतिहासातून सगळ्यात स्पष्ट कळतं.

१९३९ मध्ये जर्मनी आणि सोव्हिएत रशियाने पोलंड वाटून घेतला. रशियाच्या ताब्यात गेलेल्या पूर्वेकडच्या असंख्य कुटुंबांना मालगाड्यांत कोंबून सायबेरिया आणि कझाकस्तानला धाडलं गेलं. भूक, थंडी आणि रोगराईने आईबाप गेले, मुलं उरली. १९४१ मध्ये हिटलरने रशियावरच हल्ला केल्यावर रशिया आणि पोलंड एका बाजूला आले, या लोकांची सुटका झाली आणि पुढच्या वर्षी ते इराणमार्गे बाहेर पडू लागले. त्यांना घेणार कोण, हा प्रश्न होता. नवानगरचे संस्थानिक जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी जामनगरजवळ बालाचडीत अनाथ मुलांसाठी जागा दिली. १९४३ मध्ये वळिवड्याची छावणी उभी राहिली. १९४८ पर्यंत तिथे सुमारे ५,००० पोलिश माणसं राहिली, बहुतेक बायका आणि मुलं.

वळिवड्यात फक्त शिधा वाटला गेला नाही. पोलिश भाषेतल्या शाळा होत्या, चर्च, दवाखाना, नाट्यगृह, स्काउटची पथकंही होती. परक्या मुलखात मूल आपल्या भाषेत शिकत होतं, आपले सण करत होतं.

अशा मदतीची संघटित सुरुवात त्याआधी पाव शतक झाली होती. पहिलं महायुद्ध थांबलं तरी दोस्त राष्ट्रांनी नाकेबंदी उठवली नव्हती, आणि जर्मनी-ऑस्ट्रियातली मुलं उपाशी होती. एग्लंटाइन जेब या ब्रिटिश बाईंनी १९१९ मध्ये लंडनच्या ट्रफाल्गर चौकात त्या मुलांच्या फोटोंची पत्रकं वाटली. अटक झाली, पाच पौंड दंड झाला. त्याच वर्षी त्यांनी ‘सेव्ह द चिल्ड्रन’ ही संस्था काढली. शत्रूच्या मुलांसाठी हात पसरायला केवढं धैर्य लागलं असेल! १९२४ मध्ये राष्ट्रसंघाने (आजच्या संयुक्त राष्ट्रांच्या आधीची जागतिक संघटना) स्वीकारलेला बालहक्कांचा जिनिव्हा जाहीरनामाही त्यांच्याच मसुद्यावरून आला. संकटात मदत सर्वांत आधी मुलाला, हे त्यात लिहिलेलं आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर, डिसेंबर १९४६ मध्ये, संयुक्त राष्ट्रांचा बालनिधी, म्हणजे युनिसेफ, स्थापन झालं. सुरुवातीचा भर दूध, अन्न आणि कपड्यांवर होता. वळिवड्यात जे आधीच घडलं होतं, ते कायद्यात आलं १९४९ मध्ये. चौथ्या जिनिव्हा कराराचं कलम २४ सांगतं की पोरक्या झालेल्या किंवा कुटुंबापासून तुटलेल्या १५ वर्षांखालच्या मुलांना वाऱ्यावर सोडू नये. त्यांचं पालनपोषण, धर्मपालन आणि शिक्षण सुरू राहावं, आणि शक्यतो त्यांच्यासारखीच परंपरा असलेल्या माणसांच्या हाती त्यांचं शिक्षण सोपवावं.

कलम आलं, पण शाळा लगेच आल्या नाहीत. रवांडाच्या १९९४ च्या नरसंहारानंतर युनिसेफची ‘पेटीतली शाळा’ छावण्यांत पोचू लागली: एक शिक्षक आणि ४० मुलांपुरतं साहित्य, आणि पेटीच्या झाकणाचाच फळा. संकटातल्या शिक्षणासाठी स्वतंत्र जागतिक निधी उभा राहायला २०१६ उजाडलं. अजूनही पैसा कमी पडला की आधी कात्री लागते ती शिक्षणालाच, आणि हे मला अन्यायाचं वाटतं. छावणीतला मुक्काम अनेकदा वर्षानुवर्षं लांबतो. बालपण तेवढं थांबत नाही. युनिसेफच्या अंदाजानुसार २०२३ च्या अखेरीस संघर्ष आणि हिंसाचाराने विस्थापित झालेली मुलं ४ कोटी ७२ लाख होती.

भारताने १९५१ च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही आणि निर्वासितांसाठी वेगळा कायदाही केलेला नाही. बालहक्क करार मात्र १९९२ मध्ये स्वीकारला. २००९ चा शिक्षणहक्क कायदा ६ ते १४ वर्षांच्या मुलांसाठी आहे. घर सोडताना कागदपत्रं मागे राहिलेलं एखादं मूल उद्या नाशिकच्या शाळेच्या दारात आलं, तर मुख्याध्यापकांनी या कायद्याचं कलम १४ काढून वाचावं: वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही.