तिसऱ्या स्टॉपरला कोण घेणार? प्रेसिंगच्या एका जुन्या पेचाची पार्श्वभूमी

सांगलीला फुटबॉलचं वेड कोल्हापूरइतकं कधीच नव्हतं. तिकडे शाहू स्टेडियमवर तालमींचे सामने रंगतात, इकडे मैदानं कबड्डी, खो-खो आणि कुस्तीनं आधीच धरून ठेवलेली. तरी संध्याकाळी शिवाजी स्टेडियमवर बूट बांधणारी पोरं रात्री जागून प्रीमियर लीग बघतात आणि तिथलं बघून मागे चार जणांऐवजी तीन स्टॉपर, म्हणजे गोलसमोर मधे उभे राहणारे बचावपटू, ठेवतात. मग समोरच्या टीमची पंचाईत होते. तिचे दोन फॉरवर्ड बॉल हिसकावायला चढून जातात (यालाच प्रेसिंग म्हणतात), बॉल डावीकडून उजवीकडे फिरतो, दोघंही धावून धावून दमतात आणि बाहेरून ओरडा सुरू होतो, ‘अरे, तिसऱ्याला कोण घेणार?’

हा पेच प्रीमियर लीगबरोबर आलेला नाही. मागे तिसरा माणूस आला तोच मुळी एका नियमामुळे, 1925 साली. तोवर ऑफसाइड (पास मिळताना नियमाबाहेर पुढे असणं) ठरू नये म्हणून फॉरवर्ड आणि गोललाइन यांच्यामध्ये प्रतिस्पर्ध्यांचे तीन खेळाडू लागत, ते दोनवर आणले. इंग्लंडच्या पहिल्या डिव्हिजनमध्ये आदल्या हंगामात 1192 गोल झाले होते, नियम बदलल्यावर 1703 झाले. त्याच ऑक्टोबरात आर्सेनल न्यूकासलकडून 7-0 असा मार खाऊन आली. मॅनेजर हर्बर्ट चॅपमन आणि अनुभवी फॉरवर्ड चार्ली बुकान यांनी त्यानंतर मिडफिल्डमधल्या सेंटर हाफला मागे ओढून दोन बॅकच्या मधे उभं केलं. स्टॉपर जन्माला आला तो असा, आणि तेव्हापासून समोरच्या सेंटर फॉरवर्डला त्याच्या अंगावरच उभं राहावं लागलं.

या रचनेचं पहिलं मोठं हसं झालं ते 25 नोव्हेंबर 1953 ला, वेम्बलीवर. हंगेरीचा हिडेगकुटी सेंटर फॉरवर्डचा नंबर घालून मिडफिल्डमध्ये खेळत राहिला. इंग्लंडच्या स्टॉपरनं त्याच्यामागे जावं तर पाठीमागे खिंडार, जागा धरावी तर हिडेगकुटी मोकळा. सामना 6-3, त्यात हिडेगकुटीचे तीन. आता हाच पेच उलटा करून बघा. बचाव करणाऱ्याला मोकळ्या माणसाची जी भीती, तीच प्रेस करणाऱ्यालाही असते. समोरच्यांचा एक माणूस नेहमी जास्त असतो, कारण आपला गोली काही त्यांच्या अर्ध्यात जाऊन कुणाला धरू शकत नाही.

संघटित प्रेसिंगचा पाया घालण्याचं श्रेय बहुतेक अभ्यासक व्हिक्टर मास्लोव्हला देतात. 1966 ते 1968 अशी लागोपाठ तीन वर्षं त्याच्या दिनामो कीव्हनं सोव्हिएत लीग जिंकली. पुढे रिनस मिखेल्सच्या डच क्लब आयॅक्सनं तेच काम समोरच्याच्या अर्ध्यात नेलं. आयॅक्सचा नेस्केन्स प्रतिस्पर्ध्यांचा खेळ रचणाऱ्या प्लेमेकरच्या मागे थेट त्यांच्या हद्दीत घुसायचा आणि मागची सगळी फळी त्याच्यापाठोपाठ वर सरकायची. समोर किती बॅक आहेत याचा हिशेब तेव्हा फारसा कुणी केला नाही. गोलीच्या हातात पास देऊन सुटका करून घेता येत होती, त्यामुळे बॉल हिसकावण्यापेक्षा समोरच्याला लांब मारायला लावणं एवढंच पदरात पडायचं.

ऐंशीच्या दशकात तीनची फॅशन पुन्हा आली. 1986 ला बिलार्दोची अर्जेंटिना मागे मोकळा ब्राऊन आणि दोन मार्कर (फॉरवर्डला चिकटून राहणारे) ठेवून विश्वविजेती झाली, 1990 ला पश्चिम जर्मनीही लिबेरोसकट, म्हणजे बचावफळीमागच्या अशाच मोकळ्या माणसासकट, जिंकली. दोन फॉरवर्डना दोन मार्कर आणि वर एक मोकळा, सरळ हिशेब. त्याच काळात मिलानमध्ये अरिगो साक्की माणूस धरण्याऐवजी जागा धरायला शिकवत होता. पुढच्या आणि मागच्या फळीत जेमतेम पंचवीस मीटर अंतर ठेवून त्याची टीम एकत्र सरकायची. एप्रिल 1989 मध्ये रियल माद्रिदला तिनं 5-0 असं उडवलं. पुढे एकच फॉरवर्ड ठेवायची पद्धत रुजली तशी तीनची गरज संपली. एकाला धरायला तिघं म्हणजे मिडफिल्डमध्ये माणूस कमी. ब्राझीलनं 2002 चा विश्वचषक मागे तीन ठेवूनच जिंकला, पण वारं तोवर फिरलं होतं.

ते पुन्हा उलटं फिरलं, आणि माझ्या मते त्याचं मूळ दोन नियमांत आहे. 1992 पासून आपल्याच खेळाडूनं मुद्दाम पायानं दिलेला बॅकपास गोलीला हातानं उचलता येईना. 2019 पासून गोलकिक पेनल्टी बॉक्सच्या आतच सहकाऱ्याला देता येऊ लागली. पहिल्या नियमानं प्रेस करणाऱ्याला भक्ष्य मिळालं, दुसऱ्यानं ते भक्ष्य गोलच्या तोंडाशी आणून ठेवलं. मागून खेळ बांधायचा आणि समोर दोघं चढून येणार, तर आपल्याला तिसरा हवाच. अंतोनिओ कोंतेच्या युव्हेंटसनं बारझाल्यी, बोनुच्ची, किएलिनी हे त्रिकूट उभं केलं. मधला बोनुच्ची बचावपटू कमी आणि पासर जास्त. 2016 च्या सप्टेंबरात आर्सेनलकडून 3-0 हरल्यावर कोंतेनं चेल्सीलाही याच वळणावर आणलं आणि लीगमध्ये सलग तेरा सामने जिंकले.

आता प्रत्यक्ष मैदानावरची गोष्ट. 4-4-2 (मागे चार, मधे चार, पुढे दोन) खेळणाऱ्या टीमपुढे तीन स्टॉपर आणि दोन्ही कडांना विंगबॅक, म्हणजे कडेनं वर-खाली करणारे खेळाडू. दोघांपैकी एक फॉरवर्ड मधल्याला झाकतो, दुसरा एका बाजूच्या स्टॉपरकडे जातो, उरलेला स्टॉपर मोकळा. त्याच्यावर आपला विंगर (कडेचा मिडफिल्डर) सोडला की विंगबॅक मोकळा. विंगबॅकवर साइडबॅक सोडला की उरलेल्या तिघांना सरकून त्याची जागा भरावी लागते, आणि मग सर्वांत लांबचा विंगबॅक एकटा हात वर करून उभा. 11 जुलै 2021 च्या युरो फायनलमध्ये दुसऱ्याच मिनिटाला इंग्लंडचा गोल झाला तो असाच, उजव्या विंगबॅक ट्रिपियरचा क्रॉस आणि डाव्या विंगबॅक शॉचा फटका. इटलीनं तो सामना पेनल्टीवर काढला, तरी शिकवण्यासाठी तेवढा एक गोल पुरे.

म्हणून धावण्याचा कोन महत्त्वाचा. विंगरनं बाजूच्या स्टॉपरवर सरळ जायचं नाही, बाहेरून वळसा घेत जायचं, म्हणजे विंगबॅककडचा पास त्याच्या सावलीत राहतो. जायची वेळही ठरलेली. मधल्यानं बाजूच्याला आडवा, हळू पास दिला आणि घेणाऱ्याचं तोंड साइडलाइनकडे असलं की निघायचं. कबड्डीत चढाईला आलेल्याला कोपऱ्यात दाबत नेतात आणि मगच पकड करतात, तसंच हे. एकटा पुढे गेला आणि बाकीचे जागेवर राहिले तर मात्र धावणं फुकट.

दुसरा मार्ग म्हणजे समोरच्याचाच आरसा धरणं. चेल्सीची ती तेरा विजयांची मालिका 4 जानेवारी 2017 ला टॉटनहॅमनं तोडली, मागे तीन ठेवून, 2-0 अशी. प्रत्येकाला समोर एक माणूस, मोकळा कुणीच नाही. या विचाराला टोकाला नेलं अटलांटाच्या गास्पेरिनीनं. 22 मे 2024 ला डब्लिनमध्ये युरोपा लीगच्या फायनलला समोर झाबी अलोन्सोचं लेव्हरकुझेन होतं, सलग 51 सामने न हरलेलं, मागे तीन खेळवणारं. अटलांटाच्या तीन फॉरवर्डनी तीन बॅक धरले, मागेही माणसाला माणूस लावला आणि लुकमननं तिन्ही गोल करून सामना 3-0 असा संपवला. बघायला थरारक, पण यात मागे कुणीच जास्तीचा नसतो. एक जण चकला की समोरचा थेट गोलीपुढे. ही किंमत मोजायची तयारी असलेले कोच मोजकेच, आणि तसे स्टॉपर त्याहून कमी.

आपल्याकडे ही रचना ठसवली ती स्पॅनिश कोच अंतोनिओ हबासनं. त्याची कोलकात्याची एटीके 3-5-2 खेळत मार्च 2020 मध्ये चेन्नईयिनला 3-1 हरवून आयएसएल (इंडियन सुपर लीग) विजेती झाली, गोव्यात फातोर्ड्याच्या रिकाम्या स्टेडियममध्ये. रॉय कृष्णाच्या गोलांची चर्चा झाली, मागच्या तिघांची फार नाही.

सांगलीसारख्या ठिकाणी नोकरी-कॉलेज सांभाळून खेळणाऱ्या पोरांना गास्पेरिनीसारखं पूर्ण मैदानभर माणूस धरणं झेपणारं नाही. एप्रिलच्या उन्हात तर नाहीच. त्यांच्यासाठी तिसरा मार्ग बरा, आणि अनुभवी कोच तोच सांगतात. तिघांतला ज्याचा पाय कच्चा, बहुधा डाव्या बाजूला खेळणारा उजव्या पायाचा स्टॉपर, त्याला मुद्दाम मोकळं सोडायचं. बाकी दोघांकडचे पास झाकायचे. बॉल त्याच्याकडे जाऊ द्यायचा आणि तो उजव्या पायावर घेण्यासाठी आत वळला की मगच दोघांनी चढायचं. वॉर्मअपच्या वेळी समोरच्या स्टॉपरचे पास दहा मिनिटं नीट बघितले तर तो कोण हे कळतं.