स्टॅकची शेवटची केबल

मागच्या पावसाळ्यात अंबड एमआयडीसीतल्या एका कारखान्यात गेलो होतो, रॅकमध्ये २४ पोर्टचे तीन नेटवर्क स्विच (कॉम्प्युटरच्या लॅन केबल जिथे येऊन जुळतात ते डबे) एकाखाली एक लावलेले, मधल्याचा पॉवर सप्लाय उडालेला, आणि बंद पडलेलं कोण तर सगळ्यात खालच्या स्विचवरचं स्टोअर! खालचा स्विच तर चालू होता, लाईटपण लुकलुकत होते.

आता बघा, पोर्ट कमी पडले की आपण नवा स्विच आणतो आणि साध्या लॅन केबलने जुन्याला जोडतो. चालतं, पण दोन्ही वेगळेच राहतात, सेटिंग दोनदा करा, आणि नव्या स्विचवरचा सगळा ट्रॅफिक त्या एकाच केबलमधून जातो. बरं, जोडीला दुसरी केबल टाकली तर लूप होतो, म्हणजे डेटा गोल गोल फिरत राहतो, कारण इथरनेटच्या फ्रेमला, म्हणजे लॅनवरच्या डेटाच्या तुकड्याला, आयपी पॅकेटसारखी फेऱ्यांची मर्यादा नसते, सगळ्यांना उद्देशून सोडलेला एक ब्रॉडकास्ट फिरत फिरत अख्खं नेटवर्क झोपवतो. त्यावर नेटवर्क इंजिनिअर रेडिया पर्लमन यांनी १९८५ मध्ये स्पॅनिंग ट्री ही लूप टाळायची पद्धत काढली, फार सुंदर कल्पना आहे ती, पण त्यात जास्तीची वाट बंद ठेवावी लागते, म्हणजे दुसरी केबल नुसती बसून.

दुसरा उपाय स्टॅकिंगचा, म्हणजे अनेक स्विच जोडून एकच करायचे. त्यात बऱ्याच स्विचच्या मागे वेगळे स्टॅक पोर्ट असतात, त्यात जाड आखूड केबल लागते. मग त्यातला एक मास्टर होतो, म्हणजे बाकीच्यांना चालवतो, सगळ्यांचा मिळून आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, एकच, आणि तिसऱ्या स्विचचा पाचवा पोर्ट ३/०/५ असा दिसतो, जणू एकच मोठा स्विच आहे. सिस्कोच्या ३७५० मध्ये असे ९ स्विच जोडता यायचे, ३२ जीबीपीएसवर, म्हणजे सेकंदाला ३२ गिगाबिट वेगाने.

पण हा वेग पूर्ण मिळतो तो रिंग जोडली, म्हणजे शेवटच्या स्विचवरून पहिल्याकडे परत एक केबल नेली, तरच. वरून खाली नुसती साखळी केली तर वेग निम्मा, आणि मधला स्विच गेला की स्टॅकचे दोन तुकडे. तेच झालं होतं त्या कारखान्यात. खालचा स्विच स्वतःच मास्टर होऊन बसला, आयपी दोघांचा तोच, आणि सर्व्हरकडे जायची वाट मात्र वरच्याकडे. रिंग असती तर खालचा मागच्या वाटेने वरच्याशी बोलत राहिला असता, स्टोअरला कळलंही नसतं.

शेवटची केबल जरा लांब लागते म्हणून बरेच जण ती सोडून देतात, मला याचं फार वाईट वाटतं. इथे तर ती रॅकच्या तळाशी होती, प्लास्टिकची पिशवीसुद्धा फोडलेली नव्हती. वरच्या आणि खालच्या स्विचमध्ये लावली, खालचा एकदा रीबूट झाला, वरच्याचा मेंबर झाला, आणि थोड्या वेळात स्टोअरचे चलन निघायला लागले.