साइड मार्कर आणि कॉर्नरिंग लाइट: एकाच काचेमागचे दोन वेगळे दिवे

१९७० च्या दशकातली एखादी मोठी अमेरिकन सेडान बाजूने पाहा. पुढच्या चाकाच्या पुढे, बंपर जिथे बाजूला वळतो तिथे, फेंडरवर (चाकाभोवतीच्या पत्र्यावर) एक आडवी काच बसवलेली असते. बऱ्याच कॅडिलॅक आणि लिंकन गाड्यांवर या काचेचा एक भाग नारिंगी असतो, दुसरा पांढरा. फ्रेम एक, गॅस्केट (पाणी अडवणारी कडेची पट्टी) एक, स्क्रूही तेच. त्यामुळे हा एकच दुरंगी दिवा आहे, असा कुणाचाही समज होतो. तसं नाही. नारिंगी भागामागे साइड मार्कर असतो आणि पांढऱ्यामागे कॉर्नरिंग लाइट. दोघांचे बल्ब वेगळे, वायरिंग वेगळं आणि गाडीवर असण्याचं कारण तर अगदीच वेगळं.

साइड मार्कर हा दुसऱ्यांसाठी असतो. अंधारात गाडी चौकात आडवी आली, तर तिचे हेडलाइट आणि टेललाइट बाजूने येणाऱ्याला नीट दिसत नाहीत. त्याला गाडीची लांबी आणि दिशा कळावी म्हणून पुढे नारिंगी आणि मागे लाल खूण. कॉर्नरिंग लाइट मात्र गाडी चालवणाऱ्यासाठी असतो. तुम्ही वळणार आहात ती जागा हेडलाइटच्या झोतात नसते. तिथला कठडा, खड्डा किंवा पायी चालणारा माणूस दिसावा म्हणून तो बाजूला प्रकाश टाकतो. एक दिवा दिसण्यासाठी आणि दुसरा बघण्यासाठी, एवढं पक्कं केलं की बाकीचे फरक आपोआप उलगडतात. जुन्या गाडीवर कॉर्नरिंग लाइट बसवताना होणारे बहुतेक घोळ हे दोन दिवे एकसारखे वायर केल्यामुळेच होतात.

दोघे गाड्यांवर आले तेही निरनिराळ्या वाटांनी. कॉर्नरिंग लाइट ही चैनीची वस्तू म्हणून आली. १९६० च्या दशकाच्या पहिल्या काही वर्षांतच कॅडिलॅकवर ती दिसू लागली आणि मग इतर महागड्या गाड्यांच्या ऑप्शनच्या यादीत पोहोचली. साइड मार्कर आला तो सरकारी नियमामुळे. अमेरिकेच्या फेडरल मोटार वाहन सुरक्षा मानक क्रमांक १०८ मुळे १९६८ च्या मॉडेलांवर बाजूला दिवा किंवा रिफ्लेक्टर आला आणि १९७० पासून दोन्ही सक्तीचे झाले. म्हणून १९६४ च्या गाडीच्या फेंडरवर कारखान्यातूनच आलेला दिवा दिसला, तर तो कॉर्नरिंग लाइट असण्याचीच शक्यता जास्त. १९६९ च्या गाडीवर दिसला, तर आधी साइड मार्करच समजावा. युरोपात कॉर्नरिंग लाइटला बराच काळ मनाई होती. पुढे परवानगी मिळाली ती वेगाच्या अटीवर: ताशी ४० किलोमीटरच्या आतच तो पेटला पाहिजे.

(स्टिअरिंगबरोबर वळणारे हेडलाइट हा तिसराच प्रकार. १९४८ च्या टकरचा मधला दिवा आणि १९६७ नंतरच्या सित्रोएन डीएसचे आतले दिवे त्या जातीचे. कॉर्नरिंग लाइट कुठेही वळत नाही, तो जागच्या जागी बसून फक्त पेटतो आणि विझतो.)

आता बल्ब हातात घेऊन बघू. साइड मार्करमध्ये बहुधा १९४ नंबरचा बल्ब असतो. करंगळीच्या पेराएवढा, पितळी बूड नसलेला, नुसता काचेचा आणि होल्डरमध्ये दाबून बसणारा. तो ०.२७ अँपिअर करंट घेतो आणि साधारण २ कँडलपॉवर प्रकाश देतो. कॉर्नरिंग लाइटमध्ये १२९५ सारखा धातूच्या बुडाचा बल्ब येतो, जो दाबून फिरवून बसवावा लागतो. त्याचा करंट ३ अँपिअर, प्रकाश ५० कँडलपॉवर. म्हणजे पंचवीसपट उजेड. वॅटमध्ये मोजलं तर एक चारच्याही आत आणि दुसरा सदतीसच्या वर.

हा आकडा लक्षात ठेवायचा तो एका लोकप्रिय जुगाडासाठी. साइड मार्करची नारिंगी काच काढायची, पांढरी लावायची, आत मोठा बल्ब बसवायचा आणि झाला कॉर्नरिंग लाइट, असं पुष्कळांना वाटतं. मार्करचं प्लास्टिकचं घर चार वॅटच्या उष्णतेसाठी बनवलेलं असतं. त्यात सदतीस वॅट घातले की काच पिवळी पडते, वाकते आणि शेवटी वितळते. शिवाय मार्करमागे प्रकाश फेकणारी वाटीच नसते, त्यामुळे उजेड चहूकडे फाकतो आणि रस्त्यावर फारसा पडत नाही. वर १९७० पासूनच्या गाडीवरचा सक्तीचा नारिंगी मार्कर गेला तो गेलाच. माझ्या मते हा जुगाड करण्यापेक्षा कॉर्नरिंग लाइट न बसवलेला बरा.

खऱ्या कॉर्नरिंग लाइटच्या काचेवर आतून उभ्या खाचा असतात आणि मागे चकचकीत धातूची वाटी. दोन्ही मिळून प्रकाश बाजूला, थोडा पुढे आणि खाली टाकतात. म्हणूनच डावा आणि उजवा दिवा आरशातल्या प्रतिबिंबासारखे उलटे असतात, अदलाबदल चालत नाही. मोडीतल्या गाडीवरून घेताना नुसती काच घेऊन येऊ नका. वाटी, होल्डर, गॅस्केट आणि वायरचा वीतभर तुकडा असं सगळं एकत्र उचला.

खरी गंमत वायरिंगमध्ये आहे. साइड मार्करचं साधं वायरिंग म्हणजे पार्किंग लाइटची वायर आणि बॉडीचा अर्थ (अर्थिंग, म्हणजे करंट परत नेणारी पत्र्याची जोडणी). पण कित्येक अमेरिकन गाड्यांत मार्कर इंडिकेटरबरोबर लुकलुकतोही आणि त्यासाठी कारखान्याने फार सुंदर युक्ती केलेली आहे. मार्करला बॉडीचा अर्थ दिलेलाच नसतो. त्याचं एक टोक पार्किंगच्या वायरला आणि दुसरं इंडिकेटरच्या वायरला. पार्किंग लाइट चालू असताना करंट मार्करमधून निघतो आणि समोरच्या इंडिकेटरच्या फिलामेंटमधून (बल्बमधल्या तारेतून) अर्थला जातो. पाव अँपिअरच्या आसपासच्या करंटने ते जाड फिलामेंट तापतही नाही, त्यामुळे मार्कर पेटतो आणि इंडिकेटर गप्प राहतो. मग तुम्ही इंडिकेटर देता. ज्या क्षणी तो पेटतो त्या क्षणी मार्करच्या दोन्ही टोकांना बारा व्होल्ट होतात, फरक शून्य, आणि मार्कर विझतो. इंडिकेटर विझला की मार्कर पुन्हा पेटतो. म्हणून रात्री दोघे आळीपाळीने लुकलुकतात, तर दिवसा पार्किंग लाइट बंद असताना एकाच वेळी. असा मार्कर आळीपाळीने लुकलुकताना दिसला म्हणून वायरिंग बिघडलंय असं समजून ते उपसणारे लोक आहेत. तसं करू नका. याच कारणामुळे तिथे साधा एलईडी बल्ब टाकला तर तो एकाच स्थितीत पेटतो, कारण करंटची दिशा उलटसुलट होते.

आता कुणी कॉर्नरिंग लाइट या मार्करच्याच दोन वायरींवर जोडला तर? तीन अँपिअरचा बल्ब इंडिकेटरच्या फिलामेंटशी ओळीने येतो. पार्किंग लाइट लावले की दोन्ही बाजूंचे कॉर्नरिंग लाइट मंद पेटतात आणि सोबत दोन्ही इंडिकेटरही अर्धवट उजळतात. रस्त्यावर काहीच उजेड नाही आणि समोरच्याला इंडिकेटर दिलाय की नाही ते कळत नाही.

कॉर्नरिंग लाइटला हवं ते वेगळंच. दिवे चालू असताना इंडिकेटरची दांडी ज्या बाजूला टाकाल त्या बाजूचा कॉर्नरिंग लाइट पेटावा आणि दांडी परत येईपर्यंत न लुकलुकता पेटलेला राहावा. लुकलुकणाऱ्या उजेडात खड्डा दिसत नाही. कारखान्यात हे काम स्टिअरिंग कॉलममधल्या इंडिकेटर स्विचवरच होतं. ऑप्शन घेतलेल्या गाडीच्या स्विचमध्ये कॉर्नरिंगसाठी जादा कॉन्टॅक्ट असतात आणि त्यांना करंट फ्लॅशरमधून (इंडिकेटर लुकलुकवणाऱ्या डबीतून) न येता दिव्यांच्या सर्किटमधून येतो. तुमच्या मॉडेलसाठी असा स्विच मिळत असेल तर दुसरीकडे बघूच नका. कॉलम उघडण्याची कटकट आहे, पण एकदा बसला की विषय संपला.

स्विच मिळाला नाही तर रिले, म्हणजे छोट्या करंटच्या इशाऱ्यावर मोठा करंट जोडणारा स्विच. पहिला मोह होतो तो इंडिकेटरच्या वायरला सरळ फाटा मारण्याचा. त्याने दोन गोष्टी होतात. दिवा लुकलुकतो आणि फ्लॅशरवर तीन अँपिअरचा जादा भार येतो. जुना फ्लॅशर तापणाऱ्या पट्टीवर चालतो, करंट वाढला की पट्टी लवकर तापते आणि इंडिकेटर घाईघाईने वाजू लागतो. त्याऐवजी बंद होताना थोडा थांबणारा टायमर रिले घ्या. इंडिकेटरचा पहिला ठोका मिळताच तो ओढला जातो आणि मधल्या अंधाराच्या क्षणीही धरून ठेवतो. इंडिकेटर मिनिटाला ६० ते १२० वेळा लुकलुकतो, म्हणजे ठोक्यांमधली फट सेकंदाच्या आतलीच. थांबण्याची वेळ एक ते दीड सेकंद ठेवली की पुरते.

रिलेला इशारा देणारी वायर पुढच्या इंडिकेटरची घ्यायची, मागची नाही. त्या काळच्या बहुतेक अमेरिकन गाड्यांत मागे ब्रेक आणि इंडिकेटर एकाच फिलामेंटवर चालतात. मागची वायर घेतलीत तर ब्रेक दाबताच दोन्ही कॉर्नरिंग लाइट पेटतील. दुसरी अडचण हजार्डची, म्हणजे सगळे इंडिकेटर एकदम लुकलुकवण्याच्या सोयीची. हजार्ड लावले की दोन्ही बाजूंच्या इंडिकेटर वायरी एकदम धडकतात आणि टायमर रिले बिचारे दोन्ही दिवे पेटवून बसतात. एका बाजूचा रिले ओढला की दुसऱ्याचा करंट तुटेल, अशी जोडणी केली तर निदान एकच पेटतो. मुळात कारखान्याच्या स्विचला हा त्रास नाही, कारण हजार्ड लावताना दांडी हलत नाही. (साब आणि कॉर्वेटच्या काही मॉडेलांत रिव्हर्स गिअर टाकल्यावर दोन्ही कॉर्नरिंग लाइट मुद्दाम पेटवतात. ते उपयोगाचं आहे, पण जुन्या गाडीवर ही भर घालायची तर सहा अँपिअरचा हिशेब धरा.)

मुख्य करंट बॅटरीकडून फ्यूज लावून आणा आणि पार्किंग लाइटची वायर फक्त दिवे चालू असल्याचा इशारा रिलेला देण्यापुरती वापरा. अनेक जुन्या गाड्यांचा हेडलाइट स्विच आधीच कमाल भारावर असतो आणि त्यातच सर्किट ब्रेकर असतो. त्यावर आणखी भार टाकला तर भर रात्री हेडलाइट विझून पुन्हा पेटतील.

पत्रा कापण्याबद्दल एवढंच की आधी आतून मोजा. मार्करला बोटभर खोली पुरते. कॉर्नरिंगच्या वाटीला बरीच जास्त लागते, आणि फेंडरच्या आत टायर पूर्ण वळलेला असताना व गाडी स्प्रिंगवर दबलेली असताना किती जागा उरते तेच मोजमाप खरं. नमुन्याचं भोक मोडीतल्या फेंडरवरून कागदावर उतरवून घ्या. कापलेल्या कडेला प्रायमर आणि रंग लावल्याशिवाय गॅस्केट बसवू नका, गंज तिथूनच सुरू होतो. अर्थसाठी रंगवलेल्या पत्र्यावर विसंबण्यापेक्षा वेगळी वायर ओढा. साइड मार्कर पाव अँपिअरवर कसातरी धकून जातो. तीन अँपिअरच्या दिव्याला अर्थ कच्चा असेल तर तो पहिल्याच पावसाळ्यात मिणमिणायला लागतो.