तंबाखूचा बिघाड मुलांत उतरतो?

‘बापाला तंबाखूने तोंडाचा कॅन्सर झाला, म्हणजे पोरांतही तो आलाच’ हे नाशिकमध्ये सोयरीक जुळवतानाही कानावर येतं. चूक आहे. गालाच्या पेशींतल्या जनुकांत तंबाखूने झालेला बदल त्या पेशींपुरताच राहतो. पुढच्या पिढीत जातो तो फक्त बीजांडात किंवा शुक्रपेशीत असलेला बदल. स्तन आणि अंडाशयाच्या कॅन्सरचा धोका वाढवणारा बीआरसीए१ जनुकातला दोष आई किंवा वडिलांत जन्मापासूनच असेल, तर प्रत्येक अपत्यात, मुलगा असो वा मुलगी, तो उतरण्याची शक्यता ५० टक्के. पण आनुवंशिक कॅन्सर एकूणात ५ ते १० टक्केच.

निफाड-दिंडोरीच्या बागायतदाराला हे पटायला जड जाईल, कारण द्राक्षाच्या एका डोळ्यात (फूट निघते त्या कळीत) झालेला बदल काडीतून पुढे नेता येतो. तास-ए-गणेश हे द्राक्षाचं वाण थॉम्पसन या वाणातून असंच निघालं. माणसाची मात्र कलमं बांधत नाहीत.